ऊन तं सारं आपल्याच डोक्यावर

शेजारच्या काकूंनी रक्ततपासणीचा कागद माझ्या हातात दिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि जाब विचारावा तशा म्हणाल्या, “सर, तुमी शाळेत जीवशास्त्र शिकवलं ना? मंग सांगा. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर जाते. ऊन तं सारं आपल्याच डोक्यावर पडते. अन् हा कागद म्हणते, डी कमी! काहून?”

कागदावर दोन आकड्यांपुढे ठळक खुणा होत्या. डी जीवनसत्त्व ११, म्हणजे एका मिलिलिटर रक्तात ११ नॅनोग्रॅम; २० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. बी-१२ होतं १४६. इथे २०० च्या खाली गेलं की डॉक्टरांच्या भुवया वर जातात. (पाठ्यपुस्तकात मी ‘ड’ आणि ‘ब-१२’ शिकवलं, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि आमच्या गल्लीत सगळीकडे ‘डी’ आणि ‘बी ट्वेल’च चालतं. मीही तसंच लिहितो.)

काकू उपाशी राहणाऱ्यांतल्या नाहीत. घरात गाडीभर भाजी येते, सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून त्या स्वतः निवडून आणतात. हिवाळ्यात संत्र्यांचा ढीग असतो. दोन वेळा वरण, पोळी, भाजी, ताक. आणि वस्तीचं नाव काय, तर नंदनवन, म्हणजे इंद्राची बाग! त्या बागेत राहणाऱ्या बाईच्या हाडांना ऊन मिळत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच दिनक्रमात होतं.

काकू पहाटे साडेपाचला फिरायला निघतात आणि ऊन चढायच्या आत घरी येतात. त्यानंतर कूलर. संध्याकाळी सहानंतर देवळात. सून केडीके कॉलेजच्या रस्त्याने स्कूटीवर कामाला जाते, पण डोळे सोडले तर तिचा एक इंचही बाहेर दिसत नाही. तोंडाला दुपट्टा, हातात कोपरापर्यंतचे मोजे, पायात सॉक्स. जगनाडे चौकात मे महिन्यात सिग्नलला उभं राहून पाहा, निम्म्या गाड्यांवर अशाच गुंडाळलेल्या आकृत्या दिसतील. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नागपूरचं ऊन अंगावर घेण्याची गोष्ट नव्हेच, ते चुकवण्याची गोष्ट आहे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ते चुकवायलाच शिकलो.

डी जीवनसत्त्वाला मात्र ऊन अंगावरच लागतं. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जवळचा एक पदार्थ असतो. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी एका ठरावीक पट्ट्यातले किरण त्याच्यावर पडले की त्याचं रूप बदलतं, मग यकृत आणि मूत्रपिंड त्याच्यावर एकेक संस्कार करतात आणि काम करणारं डी तयार होतं. जे शरीर स्वतः बनवतं त्याला जीवनसत्त्व म्हणणं तसं चुकीचंच. ते संप्रेरकाच्या जातीचं आहे, पण नाव पडलं ते पडलं. हे किरण काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे खिडकीपाशी बसून पेपर वाचल्याने काही होत नाही. कपड्यांतूनही फारसे येत नाहीत. आणि सूर्य खाली असताना ते हवेतच अडतात, कारण त्यांना वातावरणाचा जाड थर तिरपा कापत यावं लागतं.

इथेच आपल्या सगळ्यांची एक लाडकी समजूत कोसळते. बाळाला तेल लावून ‘कोवळ्या उन्हात’ ठेवायचं, आजीने सकाळी सातला अंगणात बसायचं. ऊब मिळते, बाळ छान झोपतं, पण डी जवळपास नाही. ओळखायची खूण सोपी आहे: स्वतःची सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य पुरेसा वर आहे. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्यात इथे सकाळी नऊच्या सुमारासच सावली उंचीएवढी होते आणि नंतर आखडत जाते. महिन्याच्या अखेरीस एक दिवस तर भर दुपारी ती पायाखाली गडपच होते. डिसेंबरात उलट. भर दुपारी बारालासुद्धा सावली जवळजवळ आपल्याएवढी लांब राहते. म्हणजे उन्हाळ्यात सव्वानऊला अंगण गाठलं तर लू सुरू व्हायच्या आत काम होतं, आणि हिवाळ्यात ज्या वेळी आपण जेवून पांघरूण घेतो, नेमकी तीच वेळ उन्हाची. हातपाय आणि तोंड उघडं ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून काही वेळा, एवढं साधारणपणे सांगितलं जातं. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो, कारण तिच्यातलं रंगद्रव्य छत्रीचं काम करतं.

डी कमी असलं की खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. लहान मुलांची हाडं मऊ राहतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटं जाड होतात. याला मराठीत मुडदूस म्हणतात. मोठ्यांची हाडं वाकत नाहीत, ती दुखतात. कंबर, मांड्या, बरगड्या. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. बाया याला ‘वय झालं’ म्हणतात आणि सोडून देतात.

मुडदुसाचं कारण शोधताना एक मोठा धागा मुंबई इलाख्यात सापडला, हे फारसं कोणी सांगत नाही. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोघा डॉक्टरांनी इथल्या मुलांचा आणि बायकांचा अभ्यास छापला. त्यांना दिसलं ते असं: शेतात-रस्त्यावर राबणाऱ्या गरिबांचं जेवण हलकं, पण हाडं ठणठणीत, पडद्यात राहणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या बायका-मुलांचं जेवण बरं, आणि मुडदूस त्यांनाच. तेव्हा युरोपात अन्न की ऊन, असा वाद जोरात होता. उत्तराचा निम्मा भाग इथल्या वाड्यांच्या माजघरात होता.

मला हे वाचल्यापासून एक शंका सतावते. जीवनसत्त्वाची कमतरता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुष्काळ येतो, खपाटीला गेलेलं पोट येतं. पण कितीदा तरी ती घराची परिस्थिती सुधारल्यावर दारातून आत येते. शेत सुटतं, सावली मिळते. जाड धान्य सुटतं, पांढरंशुभ्र मिळतं.

पांढऱ्या धान्यावरून आठवलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर आइकमान नावाच्या डच डॉक्टरच्या कोंबड्या पाय लटपटून पडायला लागल्या. लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला सडीचा, म्हणजे घासून पांढरा केलेला भात त्या खात होत्या. मग स्वयंपाकी बदलला. नव्याने सांगितलं, सैनिकांचा तांदूळ सैनिक नसलेल्या कोंबड्यांना मिळणार नाही. त्यांना साधा बिनसडीचा तांदूळ मिळू लागला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या! माणसांचे पाय असेच लटपटवणारा बेरीबेरी हा रोग जंतूंचा नाही, तांदळावरून घासून काढलेल्या कोंड्यात काहीतरी होतं, ही समज अशा खडूसपणातून आली. १९१२ साली कॅसिमिर फुंकने या ‘काहीतरी’ला व्हिटॅमिन हे नाव सुचवलं आणि १९२९ चं नोबेल आइकमानला मिळालं. भंडारा-गोंदियाचा तांदूळ आपण जितका पांढरा मागतो तितकं ते ‘काहीतरी’, म्हणजे बी-१, गिरणीत कोंड्याबरोबर जनावरांच्या गव्हाणीत जातं. वर आपण तो चार पाण्यांनी धुतो आणि पेज काढून टाकतो.

आता काकूंच्या कागदावरचा दुसरा आकडा. माझ्या मते तोच जास्त गंभीर होता.

बी-१२ जीवनसत्त्व कोणतीच वनस्पती बनवत नाही. प्राणीही बनवत नाही. ते फक्त काही सूक्ष्म जंतू बनवतात. गाय-म्हैस-बकरीच्या पोटातल्या जंतूंनी ते बनवायचं आणि आपण त्यांचं मांस किंवा दूध यांतून ते उचलायचं, असा हा व्यवहार आहे. पालक, बीट, मोड आलेली मटकी, यांतलं एकही उपयोगाचं नाही, कितीही जणांनी तसं सांगितलं तरी. लागतं ते मात्र अगदी चिमूटही नाही: दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम बी-१२ एका माणसाला तेराशे वर्षं पुरेल. यकृतात त्याचा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. म्हणूनच ही कमतरता इतकी लबाड आहे. आज तुटवडा सुरू झाला तर त्रास तीन-चार वर्षांनी दिसतो, तोवर कारण कोणालाच आठवत नाही.

आमच्या भागात दोन-चार गल्ल्यांआड सावजी भोजनालय असतंच. तिथे तांबडा तर्रीचा रस्सा आणि कलेजी मिळते. कलेजी म्हणजे बी-१२ ची कोठी. १९२६ साली बोस्टनमध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी हमखास जीव घेणाऱ्या एका रक्तक्षयाच्या रोग्यांना रोज जवळपास पाव किलो यकृत खायला घातलं, आणि मरायला टेकलेली माणसं उठून बसली. १९३४ ला त्यांना नोबेल मिळालं. यकृतात नेमकं काय होतं, ते १९४८ साली कळलं: लाल रंगाचे स्फटिक, पोटात कोबाल्ट धातूचा एक अणू. मात्र काकू माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा एकादशीला चालत नाही. त्यांना कलेजीचं नाव काढणंही शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं.

पण ‘मांस नाही म्हणून कमी’ एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली एक पाहणी छापली. पुणे आणि आसपासचे मध्यमवयीन ४४१ पुरुष: काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. एकूण ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतं. सगळ्यांत वाईट स्थिती कोणाची? शहरी मध्यमवर्गाची, ८१ टक्के. शाकाहार हे एक कारण निघालं आणि शहरातला मध्यमवर्गीय असणं हेही. १९२२ चा पडदा आणि २००६ चा फ्लॅट यांत मला फार अंतर दिसत नाही.

काकूंच्या बाबतीत आणखी दोन चोर निघाले. साखरेसाठी त्या सात-आठ वर्षं मेटफॉर्मिन घेत होत्या. ही चांगली गोळी आहे, पण ती आतड्यातून बी-१२ शोषून घेण्याचं काम मंद करते. आणि गॅससाठी सकाळी उपाशीपोटी दुसरी गोळी, ती तर कोणी लिहून दिली होती हेच त्यांना आठवेना. ती पोटातलं आम्ल कमी करते, आणि अन्नातलं बी-१२ सुटं करायला आम्ल लागतं. दूध त्या घेतात, पण कपभर चहात घालण्याएवढं. अर्ध्या लिटर दुधातून दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं. चहातल्या चार चमच्यांतून काय मिळणार? घरी लोणी-तूप भरपूर, पण बी-१२ पाण्यात विरघळतं. ते ताकात राहतं, तुपात नाही.

“पायाला मुंग्या येतात का?” मी विचारलं. “येतात ना, पण त्या तं साखरेच्या.” असतीलही. मग मी विचारलं, “सकाळी बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का?” काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या. “तुमाले कोनं सांगितलं?” सांगितलं कोणी नव्हतं. आपले पाय कुठे आहेत हे मेंदूला कळवणाऱ्या नसा पाठीच्या कण्याच्या मागच्या भागातून जातात, आणि बी-१२ च्या तुटवड्यात त्यांच्यावरचं आवरण झिजतं. डोळे उघडे असतील तोवर माणूस नजरेने सांभाळून घेतो. डोळे मिटले की उघडा पडतो. याशिवाय जीभ गुळगुळीत लाल होणं, तिखट सहन न होणं, विसरभोळेपणा, उगाच उदास वाटणं. नागपूरच्या बाईला तर्री झोंबायला लागली तर तिने ते दुखणंच समजावं.

सगळ्यांत वाईट होतं ते अंगावर पिणाऱ्या बाळांचं. आईच्या अंगात बी-१२ नसेल तर दुधात कुठून येणार? वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ साली अशी बाळं नोंदवली. गुबगुबीत दिसणारी, पण हसायचं-बसायचं विसरलेली, कातडी काळवंडलेली, हात थरथरणारी. बी-१२ दिल्यावर ती थोड्याच दिवसांत आजूबाजूला बघायला लागली.

मात्र सुखवस्तू घरांतच जीवनसत्त्वं कमी पडतात असं म्हटलं तर गरिबांवर अन्याय होईल. त्यांची कथा परळची आहे. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईच्या हाफकिन संस्थेत आली. गिरणगावातल्या गरोदर बायका तेव्हा एका विचित्र रक्तक्षयाने खंगत होत्या, कित्येक बाळंतपणातच जात होत्या. रक्तातल्या तांबड्या पेशी थोड्या, पण आकाराने मोठ्या. लोह देऊन उपयोग नव्हता. विल्सबाई त्या बायकांच्या चुलीपर्यंत गेल्या, कोण काय खातं ते टिपलं. भाजी, फळं, दूध यांचं नाव नाही. मग उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग. यकृताने गुण येत होता, पण गिरणीतल्या बाईला रोज यकृत कोण आणून देणार? शेवटी हाती लागलं मार्माइट, दारूच्या भट्टीतल्या उरलेल्या यीस्टपासून केलेला काळपट, खारट, चिकट लेप, इंग्लंडात पावाला लावून खातात तो. स्वस्त आणि भरपूर. तो खाऊन बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी हे छापलं. लेपातल्या त्या अज्ञात पदार्थाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. आज अंगणवाडीताई गरोदर बाईला लाल गोळी देते, शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते, त्यांत लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. परळच्या कोणा अनाम गिरणीवालीचं आपल्यावर हे देणं आहे, तिचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

फॉलिक ॲसिड आणि बी-१२ ही सख्खी जोडी. रक्त बनवताना दोघं एकमेकांचा हात धरून काम करतात. म्हणूनच एक गफलत होते. बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, तोंडावर तेज येतं, डॉक्टर आणि रोगी दोघेही खूश होतात, आणि नसांची झीज आतल्या आत चालूच राहते. पुण्याच्या आसपासच्या सहा खेड्यांत १९९३ पासून आया आणि मुलांवर जो अभ्यास चालला त्यात आणखी एक गोष्ट दिसली: गरोदरपणात बी-१२ कमी आणि फोलेट (म्हणजे शरीरातलं फॉलिक ॲसिड) जास्त असलेल्या आयांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा इन्सुलिनला जुमानेनाशी होत होती. मधुमेहाची पायाभरणी आईच्या पोटात.

संत्र्यांबद्दल लिहिलं नाही तर नागपूरकर मला वाळीत टाकतील. सी जीवनसत्त्व त्यात आहेच, पण शंभर ग्रॅम पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट असतं आणि आवळ्यापुढे दोघंही पाणी भरतात. स्कर्व्ही टाळायला दिवसाला दहा मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे आमच्याकडे तो होणं अवघडच. संत्रा बर्फी खाऊन सी मिळतं असं समजणाऱ्यांनी ती नुसती चवीसाठी खावी. त्यापेक्षा सकाळच्या पोह्यांवर पिळलेलं लिंबू कामाचं, कारण ते पोह्यांतलं लोह आतड्यात उतरवतं. फक्त लगेच वर चहा घेऊ नये, तो सगळं विस्कटतो. आपल्याकडे ते बरोब्बर लगेचच घेतात.

ए जीवनसत्त्वाची गोष्ट आता बरीच बदलली आहे. रातांधळेपणा आणि पुढे बुबुळ फुटून येणारं आंधळेपण रोखायला १९७० साली डोस सुरू झाले. नवव्या महिन्यात एक लाख युनिट, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख. एवढा डोस एकदम चालतो, कारण ए यकृतात साठतं.

आणि याच साठण्यात धोकाही आहे. ए, डी, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं. जास्तीची लघवीवाटे निघून जात नाहीत. डीची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठेक आठवडे घ्यायला डॉक्टर सांगतात. आमच्या गल्लीत ती एकाने आणली की चौघं घेतात, आणि ‘बरं वाटलं’ म्हणून वर्षभर घेत राहतात. रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडात खडे, असा उलटा फेरा सुरू होतो. दुकानातून पुडी आणणं सोपं, थांबवायचं कधी हे कोणी सांगत नाही.

काकूंना डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं दिली, नंतर गोळ्या. गॅसची गोळी काढली, कारण तिचं काही काम नव्हतं. डीच्या पुड्या मोजून आठ. आणि ऊन.

ऊन कसं घ्यायचं यावर मात्र घरात वाद झाला. सून म्हणाली, आई गच्चीवर नुसत्या बसणार नाहीत, त्यांना करमणार नाही. मग काकूंनाच आठवलं. त्यांच्या सासूबाई दर उन्हाळ्यात जुन्या घराच्या गच्चीवर मुगवड्या, शेवया, सरगुंडे, कुरडया घालायच्या. पहाटे चीक शिजवायचा, ऊन चढलं की धोतराच्या पानावर घालत बसायच्या, कावळे हाकलायच्या, उलटायच्या. पदर डोक्यावर, पण हात दंडापर्यंत उघडे. अशा पंधरा-वीस सकाळी. नव्वदीपर्यंत मांडी घालून जेवल्या. काकूंनी वाळवण बंद केलं ते हे घर बांधलं त्या वर्षी. आता सगळं पाकिटात मिळतं.

परवा सव्वानऊला मी वर पाहिलं तर काकू गच्चीवर मुगाच्या डाळीचं भगुणं घेऊन उकिडव्या बसल्या होत्या. बोटांनी वड्या तोडत होत्या. मला पाहून उठून सरळ उभ्या राहिल्या, स्वतःच्या सावलीकडे बोट दाखवून ओरडल्या, “पाहा सर, लहान झाली का?”

खांद्याएवढी होती.